एकाच गावची माणसं

मंजूषाला माणसं जोडायची भारी हौस. हौस कसली, खोडच म्हणायची ती. नवं माणूस भेटलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठले तुम्ही?" आणि "पुण्याचे" एवढ्यावर ती कुणाला सोडत नसे. पुण्यात कुठे, मूळ गाव कोणतं, आजोळ कुठलं, असं उकरत उकरत दोघांच्या ओळखीची एखादी मावशी नाहीतर शाळेतली बाई ती शेवटी शोधून काढायचीच. आइंडहोव्हनच्या चिप कंपनीत नवीन आलेल्या रणजितचं आजोळ तिच्या कराडचं निघालं, तेव्हा तिनं त्याला अशा थाटात जेवायला बोलावलं की नवरा अंबरीश म्हणाला, "अगं, जावई आलाय का घरी?" न्यूनेनसारख्या डच गावात, जिथे शेजारी लांबूनच हात हलवतात आणि दार लावून घेतात, तिथे लोकांना तिची ही खोड आवडायची. तिथलं निम्मं मराठी मंडळ तिनंच जमवलं होतं. याच खोडीपायी पुढे एका बाईच्या आयुष्याची चिरफाड झाली. तिच्या मनात तसं काही नव्हतं, हे मात्र तिच्या बाजूनं आधीच सांगून टाकलेलं बरं.

ती बाई म्हणजे लिरिये. न्यूनेनच्या बाजारपेठेत, बेकरीला लागून तिचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पॅन्ट आखूड करणं, जॅकेटच्या चेन बदलणं, पडदे शिवणं, असली कामं. मंजूषानं एकदा भीत भीत तिच्यापुढे एक जुना ब्लाऊज ठेवला आणि हा असाच शिवता येईल का, म्हणून विचारलं. लिरियेनं तो उलटा केला, कटोरीची शिवण बोटानं चाचपली आणि आठवड्यानं ये म्हणाली. पहिला ब्लाऊज काखेत आवळ झाला. दुसरा इतका बेतशीर बसला की मंजूषानं मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. तेव्हापासून आइंडहोव्हनपर्यंतच्या मराठी बायका लिरियेकडे येऊ लागल्या.

अर्थात "कुठल्या तुम्ही?" झालंच होतं. लिरिये कोसोव्होची, अल्बानियन. पेया शहराजवळ एक खेडं, खेड्याला एक नदी, नदीवर पाणचक्की. युद्धात ती लहान मुलीला घेऊन बाहेर पडली आणि फिरत फिरत इथे आली. मुलगी आर्ता इथेच शिकली. पण देश स्वतंत्र झालाय, तर आपण तिकडे असायला हवं, असं तिच्या मनानं घेतलं, आणि ती लग्न करून परत पेयाला गेली. लिरिये मागे राहिली. तिचा विनोद कोरडा होता. एकदा माप घेता घेता म्हणाली, "तुला माहीत आहे का, तुझ्या देशाच्या लेखी माझा देश नाहीच? सर्बियाचाच तुकडा आहे म्हणे तो." मंजूषानं फोनवर पाहिलं, तर खरंच, भारतानं अजून मान्यता दिलेली नव्हती. ती ओशाळून म्हणाली, "सरकारला काय कळतंय, त्यांनी कुठे तुझ्याकडे ब्लाऊज शिवलाय?" लिरिये तोंडातल्या टाचण्या सांभाळत हसली.

नवऱ्याविषयी ती एकच वाक्य बोलली होती. बेसिम शाळामास्तर होता, युद्धाच्या वसंतात घरातून त्याला नेलं, तो परत आला नाही. कोणी नेलं, हे मंजूषानं विचारलं नाही. सैन्य बाहेरून येतं आणि गाव आपलं असतं, अशी तिची आपली समजूत होती.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंजूषाच्या सासूबाई, कुमुदिनीबाई, पुण्याहून आलेल्या होत्या. मंजूषाच्या घरचा नियम असा, की बाई दारात आली की तिला कुंकू लावायचं, नवऱ्याची चौकशी करायची नाही. कुमुदिनीबाई मनानं वाईट नव्हत्या, फक्त त्यांच्या पोटात प्रश्न राहत नसे. लिरियेला पाहून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हिचे मिस्टर काय करतात गं?"

मंजूषानं डोळे मोठे केले, पण लिरियेला सुगावा लागलाच. काय म्हणताहेत, म्हणून तिनं विचारलं, आणि आयुष्यभर बँकेत नोकरी केलेल्या कुमुदिनीबाईंनी आपल्या स्वच्छ इंग्रजीत सांगून टाकलं की जिचा नवरा हयात आहे, तिला हे लावतात.

लिरिये म्हणाली, "मग मला लावायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. तो नाही असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

कुमुदिनीबाई उठल्या आणि त्यांनी स्वतः तिला कुंकू लावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडल्या. मंजूषाला मात्र तो प्रसंग लागून राहिला. कित्येक वर्षं ही बाई बायको आहे की विधवा, हेच तिला ठाऊक नाही. कबर नाही, तारीख नाही. हिच्यासाठी काहीतरी करायला हवं, असं तिच्या डोक्यानं घेतलं, आणि मंजूषाच्या डोक्यानं काही घेतलं की ते सहसा सुटत नसे.

त्याच आठवड्यात घर तापवणारा बॉयलर बिघडला. दुरुस्तीला आलेला माणूस पंचेचाळिशीचा, उंच, अबोल. मंजूषानं त्याला आल्याचा चहा दिला आणि विचारलं, "कुठले तुम्ही?"

"हेलमंडचा."

"ते राहायला. मूळचे?"

"सर्बिया."

"सर्बियात कुठे?"

इतकं खोदून कुणी त्याला विचारलं नसावं. त्यानं सांगितलं, पेच शहराजवळ एक खेडं आहे. मंजूषानं फोनवर नकाशा काढला, त्यानं दोन बोटांनी तो मोठा केला. शहराची दोन नावं होती, सर्बांचं पेच, अल्बानियन लोकांचं पेया. त्यानं नदी दाखवली, पाणचक्की दाखवली. आपलं नाव मिलुतिन असं सांगितलं.

"पण हे तर कोसोव्हो आहे," मंजूषा म्हणाली.

"नकाशा डच आहे," तो म्हणाला. "तुमचा देश शहाणा. तो असलं काही मानत नाही." मग कप खाली ठेवून त्यानं आपणहून आणखी एक वाक्य जोडलं, "तिथे पाण्यालासुद्धा वेगळी चव होती."

मंजूषाच्या अंगावर काटा आला. तीच नदी, तीच पाणचक्की. सव्वाशे उंबऱ्यांचं एवढंसं खेडं, आणि त्यातली दोन माणसं इथे शेजारच्या गावांत राहतात नि एकमेकांना ठाऊकही नाहीत. गाववाले! त्या गावचा माणूस आहे म्हणजे बेसिमबद्दल काहीतरी ऐकलं असेलच की.

अंबरीशला तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंजू, एक सर्ब आणि एक अल्बानियन आहे हे. आमच्या ऑफिसात तसले दोघं आहेत, एका टेबलावर बसून डबा खात नाहीत. आधी त्यांना विचार तरी."

"ऑफिस वेगळं, गाव वेगळं. आणि तिळगुळाचे दिवस आहेत. विचारलं तर दोघंही नको म्हणतील."

हे शेवटचं वाक्य आपणच म्हणालो होतो, हे तिला पुढे कैकदा आठवलं.

रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी दुपारी तिनं मिलुतिनला थर्मोस्टॅट बघायला बोलावलं आणि लिरियेला शिवलेले ब्लाऊज घेऊन यायला सांगितलं. मिलुतिन जिन्याखाली अवजारांची पेटी उघडून बसला होता. लिरिये आली, कोट काढला. मंजूषानं दोघांना बैठकीच्या खोलीत उभं केलं, दोघांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि सांगितलं की हा आमचा सण आहे, यात जुनं सगळं विसरून गोड बोलायचं असतं. "आणि आता गंमत सांगते. तुम्ही दोघं एकाच गावचे आहात."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लिरियेनं ब्लाऊजची पिशवी अगदी सावकाश खुर्चीवर ठेवली. मग तिनं त्याला नावानं हाक मारली, त्याच्या बापाच्या नावासकट. मंजूषानं तर त्याचं नाव अजून सांगितलंही नव्हतं. लिरिये आता मुलीशी फोनवर बोलायची त्या भाषेत नाही, त्याच्या भाषेत बोलत होती. तिनं एक शब्द विचारला. त्यानंही एक छोटं वाक्य उच्चारलं, लाडू टेबलावर ठेवला आणि पेटी तशीच टाकून तो दाराबाहेर गेला.

लिरिये खुर्चीत बसली. मंजूषाला काहीच कळेना, तिनं पाणी आणून दिलं.

"तो आमच्या फाटकाशी उभा होता," लिरिये म्हणाली. "सगळ्यांच्या तोंडावर काळी फडकी होती. बेसिम अनवाणी होता. बाकीचे ढकलत होते. हा म्हणाला, 'मास्तर, बूट घाला.' शाळेत बेसिमनं त्याला कवायत शिकवली होती. मास्तर म्हणायची त्याची एक लकब होती, मी लगेच ओळखलं. पुढे लोकांनी विचारलं, तेव्हा नाव सांगितलं, पण तोवर तो पळून गेला होता. नवे बूट होते. पेयाच्या बाजारात मीच घेतलेले. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले, बूट घालायला लावले म्हणजे लांब चालवत नेलं असणार. लांब नेलं म्हणजे कदाचित मारलं नसेल."

"तू आत्ता काय विचारलंस त्याला?"

"कुठे."

"आणि तो काय म्हणाला?"

"'माझी आई कुठे?'"

मग तिच्याकडूनच मंजूषाला उरलेलं कळलं. त्याच उन्हाळ्यात सर्ब फौज मागे गेली आणि गावातले सर्ब ट्रॅक्टरवर सामान लादून पळाले. मिलुतिनची आई गाईसाठी मागे राहिली. म्हातारीला कोण काय करणार, असं तिला वाटलं. अल्बानियन लोक डोंगर उतरून घरी परतले, त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही.

"तुला माहीत आहे का ती कुठे आहे?" मंजूषानं विचारलं.

"नाही," लिरिये म्हणाली आणि ब्लाऊजची घडी मोडून पुन्हा घालू लागली. तिच्या हातांकडे पाहून मंजूषाला समजलं की ती खोटं बोलते आहे.

सोमवारी मिलुतिन पेटी न्यायला आला. आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "तिला सांगा, तिनं सांगितलं तर मी सांगेन. द हेगला बेपत्ता माणसांचं काम करणारी मंडळी आहेत, त्यांच्यासमोर सांगेन. मग माझं काय करायचं ते करू देत. आई दरवर्षी अंगणात माझी वाट बघते, असं स्वप्न पडतं मला." तो गेला तेव्हा मंजूषाला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याबरोबर दुसरंही काहीतरी आलं आणि ते तिला आवडलं नाही.

कुमुदिनीबाई हे सगळं जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी प्रथमच सुनेला एक गोष्ट सांगितली. "गांधीहत्येनंतर आमचं वाईजवळचं घर जाळलं, हे तुला माहीत आहे. कोणी जाळलं, हे तू कधी विचारलं नाहीस. बाहेरून कोण येणार होतं? गावातलेच. वडिलांना एकूण एक नावं ठाऊक होती. त्यातल्याच एकाच्या दुकानातून आमच्याकडे पुढे वीस वर्षं तेल यायचं. वडील गेले, पण नाव काढलं नाही. आम्हाला वाटायचं, काय मोठं मन! मन कसलं, त्यांना तिथेच राहायचं होतं. तू त्या बाईला निरोप देऊ नकोस, मंजू. तिचं तिला जगू दे."

मंजूषानं दोन दिवस निरोप पोटात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन दिला. नवऱ्याचा पत्ता आपल्याला ठाऊक असलेल्या माणसाच्या हातात आहे, हे लिरियेपासून लपवायचा आपल्याला काय अधिकार, असा तिचा विचार. तो चूक होता असं म्हणवत नाही.

लिरियेनं मशीन थांबवलं. "म्हातारी विहिरीत आहे," ती म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती विहीर मातीनं भरून वर जर्दाळू लावलाय." हे करणाऱ्यांत पुढे होता नायिम, बेसिमचा धाकटा भाऊ. भावाला नेल्याच्या रागानं पेटलेला. त्याच नायिमनं दोन महिने आधी आर्ताला खांद्यावर घेऊन, लिरियेचा हात धरून, बर्फातून डोंगर ओलांडला होता. तो नसता तर दोघी वाटेतच गोठल्या असत्या. आता तो तिकडचा मोठा माणूस होता. लढवय्या म्हणून त्याचा मान, तो खोलीत आला की लोक उठून उभे राहत. आर्ता त्याला बाबाच म्हणायची. आर्ताच्या नवऱ्याची नोकरी त्याच्याच शब्दावर लागलेली.

"ज्यानं माझ्या मुलीला वाचवलं, त्याला तुरुंगात घालू? कशासाठी, हाडांसाठी?" लिरियेनं विचारलं.

उन्हाळ्यात एकदा लिरियेनं तिला सोबत येतेस का म्हणून विचारलं, आणि त्या ट्रेननं द हेगला गेल्या. मंजूषा ट्रामच्या थांब्यावर बसून राहिली. लिरिये इमारतीत शिरली आणि लगेच बाहेर आली. "आर्ताचा चेहरा समोर आला," एवढंच म्हणाली. परतीच्या वाटेवर तिनं सँडविच मागितलं आणि ते न खाता पिशवीत ठेवलं.

त्यानंतर ती मंजूषाला टाळू लागली. ब्लाऊज शिवायची, पण माप घेताना बोलायची नाही. तिकडे कोसोव्होच्या उत्तरेत सर्बांनी रस्ते अडवले, पोलिसांशी चकमक झाली, अशी बातमी आली की तिच्या दुकानातला रेडिओ दिवसभर चालू असे. बॉयलर बघायला कंपनीनं दुसऱ्याच माणसाला पाठवलं. पुढच्या संक्रांतीला लिरियेला बोलावणं होतं, ती आली नाही. मंजूषानं नव्या माणसांना "कुठले तुम्ही?" विचारायचं सोडलं नव्हतं, पण मूळ गावापर्यंत ती आता जात नसे. अंबरीशच्या ते ध्यानात आलं. त्यावर तो काही बोलला नाही, आणि हे त्याच्या चांगुलपणात धरायला हवं.

तिसऱ्या संक्रांतीला लिरिये आली. बायका आत बसल्या होत्या. मंजूषानं दारातच तिचा हात धरला, ताम्हण उचललं, बोट कुंकवात बुडवलं. लिरियेनं तिचं मनगट हलकेच अडवलं.

"नको."

"अगं, इथे आम्ही सगळ्यांना लावतो, माहीत आहे तुला."

"माहीत आहे. पण आता मला सांगितलंय."

बेसिमबद्दल कळलं, म्हणजे लिरियेनं विहिरीचं सांगितलं होतं. तिसरी वाटच नव्हती.

"द हेगला एकटीच गेले होते, गेल्या वर्षी," लिरिये म्हणाली. "मिलुतिननं त्याचं सांगितलं, मी माझं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बेसिमला लांब नेलंच नव्हतं, मंजूषा. गावामागच्या दगडाच्या खाणीत होता. आमच्या अंगणातून दिसते ती खाण. त्या सकाळी तिकडे बघत मी दोरीवर कपडे वाळत घातले होते. बुटांवरून ओळखला, मग आर्ताच्या रक्तावरून खात्री केली. विहीरही उपसली. नायिमला नेलंय. मिलुतिनलाही. गावात माझ्या नावानं थुंकतात. बेसिमला माती द्यायला सगळं गाव लोटलं होतं, नायिमच्या मुलांनी खांदा दिला. मला निरोप आला की तू पाऊल टाकू नकोस. आर्तानं पाठवला तो निरोप. तेव्हापासून ती फोन उचलत नाही."

मंजूषाला रडू फुटलं. "मी त्या दिवशी तुम्हाला बोलावलं नसतं तर..."

"तर मी अजून कुंकू लावून घेतलं असतं," लिरिये म्हणाली. "कोणतं बरं, ते मलाही सांगता येत नाही. मला विचारू नकोस."

तेवढ्यात आतून श्रुती आली. महिन्यापूर्वीच पुण्याहून आलेली, इथल्या कुठल्याशा बँकेत लागलेली, चेहऱ्यावर अजून विमानतळावरचा उत्साह. लिरियेला पाहून तिनं हात पुढे केला. "हाय! ब्लाऊजवाल्या लिरिये त्या तुम्हीच ना? कुठल्या तुम्ही?"

"इथली," लिरिये म्हणाली. "न्यूनेनची."

"ते राहायला हो," श्रुती हसून म्हणाली. "मूळच्या?"

मंजूषानं श्रुतीचा दंड धरला, जरा जोरातच, आणि तिला आत नेलं. "चल, वाण वाटायचंय," ती म्हणाली. बोटावरचं कुंकू श्रुतीच्या नव्या ब्लाऊजच्या बाहीला लागलं, आणि ते निघेल कसं याची चर्चा बायकांत बराच वेळ चालली.